चिंचोक्यांच्या तीन पुरचुंड्या

बालाघाट,
१३ ऑक्टोबर १९७३

प्रिय वसंता,

तुझा जाड लिफाफा येऊन बारा दिवस झाले. उत्तराचे तीन कागद लिहिले आणि तिन्ही चुलीत गेले. जिजाबाई, तुझी मास्तरीणबाई, म्हणते, "पोराले लिवाचं हाय का चुलीले, ते एकदा ठरवून घ्या." हा चौथा कागद. हा जळणार नाही, कारण आज तिला काड्याची पेटी लपवून ठेवायला सांगितली आहे. इकडे हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला. खैरलांजीहून येणाऱ्या मोटारींना पेंढीचा वास येतो. वैनगंगेचं पाणी निवळलं. अशा दिवसांत मी पूर्वी वर्गात शरद ऋतूच्या कविता काढायचो. आता वर्ग नाही, पण ओठ आपोआप हलतात. समोरच्या भिंतीला वाटत असेल, म्हातारा जप करतो.

तू पाठवलेला टिपणाचा गोषवारा चष्मा पुसून पुसून चार वेळा वाचला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आहे, ते पेन्सिलीनं दुरुस्त केलं. रागावू नकोस, हात ऐकत नाही. बाकी माझ्या बुद्धीला जे कळलं ते असं: नव्या कायद्यानं दोन कंपन्यांना एक व्हायचं असलं तर आधी सरकारला विचारावं लागतं, आणि एक झाल्यानं कुणाचं काय बिघडेल ते तुमच्या कचेरीतले अर्थशास्त्र शिकलेले लोक आकड्यांनी तपासतात. आपल्या बालाघाटच्या बिडी कारखान्याला पाच वर्षांपूर्वी आलेला गोंदियावाल्यांचा कारखाना आता आपल्यात घ्यायचा आहे, आणि ती फाईल फिरत फिरत तुझ्याच मेजावर आली आहे. तुझे वरिष्ठ म्हणतात, देशात शेकडो छापांच्या बिड्या, त्यात या दोघांचा वाटा चिमूटभर, मग हरकत कसली? तुला वाटतं हरकत आहे, पण पुरावा हवा. दिवाळीनंतर सुनावणी. तू जुनी फाईल मागवलीस आणि तिच्यात तुला एकसष्ट सालचा एक अर्ज सापडला. गोषवाऱ्याच्या पहिल्याच ओळीत तू त्यातलं एक वाक्य घातलं आहेस. त्या ओळीबद्दल शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर पुढचं लिहिण्याचा धीर राहणार नाही.

आपली शाळा आठवते ना? चिंचेखालची, दोन खोल्यांची. तिसरी-चौथीच्या खिडकीबाहेर तुझी आई, मैनाबाई, सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसायची. तू पुढं नागपूरला कॉलेजात गेलास, तरी तिची जागा सुटली नाही. मी एकदा विचारलं, "मैनाबाई, तुझा लेक तर शिकून गेला, आता इथं काहून बसतेस?" ती म्हणाली, "गुरुजी, घरी हात चालते, इथी कानबी चालते." मी आत दिंडीच्या चालीवर ओळ म्हणायचो, पोरं उरलेली ओळ ओढायची, आणि पोरांच्याही आधी खिडकीबाहेरून ती पुरी व्हायची. मध्ये कैचीचा बारीक आवाज. तेंदूचं पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा. तिच्या हाताचा ताल माझ्या वृत्ताशी इतका जुळायचा की एखाद्या दिवशी ती आली नाही तर माझी मात्रा चुके. ती पूर्वी पायरीवर बसायची. छप्पन्न साली तुझे बाबा महागू आणि ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्यानंतरच्या सोमवारी ती पायरीवरून वर आली आणि ओसरीत बसली. मी काही बोललो नाही, तीही काही बोलली नाही. आयुष्यात जिथं गप्प राहणं बरोबर ठरलं, अशी माझी ती एक जागा. महागू त्यानंतर दोनच वर्षं भरवेलीच्या खाणीत चढला-उतरला आणि गेला. मग त्या सुपावरच तुझं नागपूर चाललं, हे तुला मी सांगायला नको.

त्या काळी गावात बिडीचे दोन कारखाने होते. बाया त्यांना मालकांच्या नावानं ओळखत नसत. वडाजवळचं ते वरचं दार, नाल्यापलीकडचं ते खालचं दार. कारखाना पान-जर्दा द्यायचा, बाया घरी बिड्या वळून पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून न्यायच्या. दारावर मुनशी कट्टा हातात घेऊन दाबून पाहायचा आणि मनाला आलं तर बाजूला फेकायचा. ती छाट. छाटीची मजुरी नाही, आणि छाटीच्या बिड्या परतही नाहीत. वरच्या दाराला घनश्याम मुनशी होता. तुझ्या आईचा कट्टा त्यानं फेकला की ती हसून म्हणायची, "फेका मुनशीजी, फेका. उद्या खालच्या दारचं पान घेतो. तिथल्या मुनशीचे डोये अजून शाबूत हायेत." घनश्याम तोंड वाकडं करून कट्टा पुन्हा उचलायचा. मी ही गंमत कितीदा पाहिली, हसलो, घरी येऊन जिजाबाईला नक्कल करून दाखवली. त्या गमतीत काय दडलं होतं हे मला कळलं नाही. तिला कळलं होतं.

साठ सालच्या ज्येष्ठात वादळ झालं. खालच्या कारखान्याची टिनं उडून नाल्यात पडली, गोदाम भिजलं, आणि ते दार तीन आठवडे बंद राहिलं. तुमच्या गल्लीतल्या बायांची एक रीत होती. दारावर जितके कट्टे छाटले जात, तितके चिंचोके घरी येऊन वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात टाकायचे. शनिवारी मुनशी छाट वाढवून सांगू लागला तर तुंबा पुढं करायचा, आणि हिशेब मिटला की चिंचोके फेकून द्यायचे. वादळ शुक्रवारी झालं. शनिवारी मैनाबाईनं नऊ जणींना सांगितलं, फेकू नका. त्या आठवड्याचे चिंचोके तिनं जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधले. मग दार बंद असतानाच्या दुसऱ्या आठवड्याचे वेगळे बांधले. दार उघडल्यावर एक आठवडा जाऊ दिला आणि पुन्हा बांधले. कुणी शिकवलं असेल रे तिला हे? तुझ्या गोषवाऱ्यात तू लिहिलं आहेस की, बाकी सगळं तेच असताना एकच गोष्ट बदलली तर तिचा परिणाम नेमका दिसतो, पण अशी संधी क्वचित मिळते. ते वाक्य वाचताना माझा चष्मा खाली पडला.

त्याच हिवाळ्यात बातमी आली की दोन्ही कारखाने एक होणार. खालच्या मालकाची मुलं शहरात रमली होती आणि वादळानं तो खचला होता. एक गोदाम, एक ट्रक, पानाची नासाडी कमी, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. खर्च वाचलाही असेल. बायांनी विरोधाचा अर्ज द्यायचं ठरवलं, आणि अर्ज लिहायला गावात शुद्ध मराठी येणारा माणूस एकच, भोजराज मास्तर. तुझी आई शाळा सुटल्यावर आली. तीन पुरचुंड्या माझ्या मेजावर ओळीनं ठेवल्या. म्हणाली, "गुरुजी, ही वादळाआधीची. ही दार बंद असतानाची. ही मंगची. माह्या एकटीचे नाहीत, नऊ जणींचे हायेत, नाहीतर सायेब म्हणंल हिचाच हात खराब. पान तेच, जर्दा तोच, हात तेच. फक्त दुसरं दार नव्हतं." आणि तिनं तीन आकडे सांगितले. ते मी पुढं लिहितो.

मी मान हलवली. मला वाटलं, अर्ज म्हणजे काही तुंब्यातला चिंचोका नव्हे. रात्रभर जागून मी जे लिहिलं ते वसंता, तू वाचलंच आहेस. "आम्ही वैनगंगेच्या लेकी, दोन काठ आहेत म्हणून आमची धार वाहते. एक काठ बुजवाल, तर हे पाणी कुणाच्या डोळ्यांत जाईल?" दोन पानं अशीच. पक्षी आहे, पिंजरा आहे, सांजवेळ आहे. आकडे मी वगळले. चौसष्ट हा शब्द त्या ओघात बसेना. दुसऱ्या दिवशी ओसरीत सगळ्या बायांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. मला धन्य वाटलं. तुझी आई ऐकत होती. मग म्हणाली, "लय गोड हाय गुरुजी. पण माहे चिंचोके कुठी गेले?" मी हसून म्हणालो, "अगं, ते या शब्दांच्या पोटात आहेत." ती माझ्याकडं पाहत राहिली. मास्तर सांगतो म्हणजे असेल, असं तिनं ठरवलं असावं. अंगठा पुढं केला.

चौकशीसाठी बाहेरगावचे एक अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फकिराच्या दुकानी जाऊन बिड्यांचे छाप मोजले, एकोणीस निघाले. त्यांनी निष्कर्ष लिहिला की बाजारात भरपूर स्पर्धा आहे. एकोणीस छाप पिणाऱ्याला होते, वसंता. वळणारीला दारं दोन होती, आणि त्यातलं एक बंद होत होतं. त्यांनी बाजार मोजला, पण कुणाचा बाजार ते विचारलं नाही. तुझे वरिष्ठ आज तेच मोजतात, आकडा तेवढा मोठा झाला.

कारखाने एक झाले. पुढच्याच वर्षी माझा मराठीचा वर्गही शेजारच्या हिंदी शाळेत मिळवला. पोरं कमी, मास्तर दोन, खर्च जास्त, असं तपासनीस म्हणाले, "बच्चों को क्या फर्क पड़ेगा?" नवीन खोलीत टेबल लावताना मला पहिल्यांदा कळलं की दुसरं दार नसणं म्हणजे काय. तोवर घनश्याम मुनशीचा हात मोकळा सुटला होता. तो दुष्ट नव्हता रे. आता त्याला कुणी हसून दुसरं दार दाखवत नव्हतं, इतकंच. तुझ्या आईनं तुला कळवलं नाही, आणि मला शपथ घातली होती. नागपूरची मनीऑर्डर कमी होऊ नये म्हणून ती रोज हजाराच्या ठिकाणी तेराशे वळू लागली. शाळेपुढं ती यायची, पण ओळ पुरी करायची नाही. मी ओळ सोडून थांबायचो, बाहेर नुसती कैची. त्रेसष्टच्या माघात ती गेली. डॉक्टर छातीत पाणी झालं म्हणाले. बिडीनं गेली की छाटीनं गेली, की तिचं भरलंच होतं, हे मी सांगू शकत नाही. तुझी परीक्षा तोंडावर होती म्हणून तुला उशिरा कळवलं, आणि ताप होता असं लिहिलं. ते पत्रही माझ्याच हातचं.

तेव्हापासून वसंता, दुपारी दोनच्या सुमाराला, सगळं गाव जेवून पडलेलं असतं, तेव्हा माझ्या खिडकीबाहेर कैची वाजते. घर शाळेपासून दोन गल्ल्या दूर आहे. खिडकीबाहेर माती आणि जास्वंदीचं झाड. मी उठून पाहतो, कुणी नसतं. एखादी जुनी ओळ तोंडात येते आणि मी तिचा दुसरा चरण म्हणत नाही. भीती वाटते की तो म्हटला जाईल. जिजाबाईला एकदा सांगितलं. म्हणाली, "तुमच्या लाकडाच्या पेटीत उंदीर झाले असन, तेच कुरतडून राह्यले. त्या पेटीले काहून कुलूप लावून ठेवलं म्हणते मी? सोनं हाय का?" पेटीत काय आहे, हे तिला परवापर्यंत माहीत नव्हतं.

अडुसष्टला गोंदियावाल्यांनी इथं दार उघडलं. शेजारची तुळसाबाई बिड्या वळते. तिनं मला परवा सांगितलं, "नवं दार आलं अन् मुनशीले पुन्हा गोड बोलता येऊ लागलं." आता तेही दार जाणार म्हणून बाया घाबरल्या आहेत. त्या माझ्याकडं अर्ज लिहायला आल्या होत्या. त्या तुंब्यातले चिंचोके आजही फेकून देतात, म्हणून यावेळी मी आधी ते थांबवलं. मग तुळसाबाई बोलली तसं लिहिलं. ती थांबली तिथं थांबलो. दोन पानांत माझं एकही विशेषण नाही. तो अर्ज सोबत आहे.

आता तुझ्या गोषवाऱ्याची पहिली ओळ. तू लिहिलंस, "माझ्या अक्षरशून्य आईनं एकसष्ट साली म्हटलं होतं, आम्ही वैनगंगेच्या लेकी." आणि पत्रात मला लिहिलंस, गुरुजी, तुम्ही आईला वाणी दिलीत, तुमचे उपकार कसे फेडू. बाळा, ती वाणी तिची नव्हती. तिच्याजवळ तिची वाणी होती, मी ती काढून घेतली आणि माझी दिली. तेवढंही तू क्षमा केलं असतंस. पण अजून एक आहे, ते मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या अधिकाऱ्यांनी शाळेत बसून अर्ज वाचला. वाचून झाल्यावर माझ्याकडं पाहून म्हणाले, "वाह मास्टरजी, क्या भाषा है." माझी छाती फुगली. मग त्यांनी कागद उलटून पाहिला आणि विचारलं, "लेकिन कोई आँकड़ा है? कोई सबूत?" तिन्ही पुरचुंड्या माझ्या मेजाच्या खणात होत्या. माझा गुडघा त्या खणाला लागत होता. तुझी आई दाराशी उभी होती आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. जिभेवर कौतुक अजून ओलं होतं. त्या साहेबांपुढं चिंध्या सोडून चिंचोके ओतायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "नहीं साहब, बस यही है." तिनं मान खाली घातली. पुढं दोन वर्षं ती रोज माझ्या वर्गाबाहेर येऊन बसली आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. त्या पुरचुंड्या परतही मागितल्या नाहीत; त्या माझ्या लाकडाच्या पेटीत कुलपात राहिल्या. वसंता, ती ओळ काढून टाक. तिच्या जागी हे घाल, हे तिचे शब्द आहेत, इतक्या कविता पाठ केल्या त्यातलं शेवटी हेच पक्कं पाठ राहिलं: "वादळाआधी चौसष्ट, दार बंद असतानी एकशे सत्त्यांशी, दार उघडल्यावर एकाहत्तर. पान तेच, जर्दा तोच, हात तेच. फक्त दुसरं दार नव्हतं." नऊ बाया, एकेका आठवड्याचे दोन हजारांवर कट्टे, हे तू जोडून घे. तिन्ही पुरचुंड्या जिजाबाईनं पांढऱ्या कापडात शिवून दिल्या आहेत, या पत्राबरोबरच रजिस्टर पार्सलनं निघतील. मी त्या कधी उघडल्या नाहीत, मोजल्या नाहीत. गाठी तुझ्या आईच्या हातच्या आहेत. तुझ्या वरिष्ठांसमोर, मेजावर, तूच सोड आणि मोठ्यानं मोज. तिच्या लेकाला मोजताना लाज वाटणार नाही, एवढं मला माहीत आहे.

त्या खणाजवळ अजून बसलेला,
तुझाच
भोजराज मास्तर